तुंब्यापर्यंत पाणी

संपादकांनी मागितलं होतं ते साधं होतं. सुवर्णदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, आता हर्णैला माणसं वाढतील. त्यांना वाटाड्या न घेता, एका दुपारी, पायी फिरता येईल असा रस्ता लिहून दे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले यादीत घेतले. त्यांतले समुद्रातले आणि समुद्रकाठचे चार : खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. दापोलीहून एस.टी.नं हर्णैला उतरले तेव्हा वहीत किल्ल्यांची नावं आणि दोन सनावळ्या होत्या. परतले तेव्हा निम्मी वही एका बैलगाडीनं भरली होती.

रस्ता आधी सांगून टाकते, कारण तो खरंच सोपा आहे. गोवागडापासून सुरुवात करायची. तिथून बंदराकडे चालत निघालं की फत्तेगड आणि त्याच्या पुढे, तीन बाजूंनी पाणी असलेला कनकदुर्ग. हे तिन्ही किनाऱ्यावरचे, आणि तिघांचं काम एकच : समोरच्या बेटावरच्या सुवर्णदुर्गाची पाठ राखणं. गोवागडाचा तट अजून भक्कम उभा आहे. फत्तेगडावर किल्ला शोधायला जाऊ नका; तिथं आता मच्छीमारांची वस्ती आहे, लोकांची घरं आहेत, दारावरून जाताना उचललेला कॅमेरा खाली घ्यावा. कनकदुर्गावर पायऱ्या चढून गेलं की काळ्या दगडाचा बुरूज आणि दीपगृह. इथं दहा मिनिटं बसा. एका बाजूला सुवर्णदुर्गाचा तट थेट पाण्यातून वर आलेला, दुसऱ्या बाजूला नांगरलेल्या बोटींची गर्दी.

इतिहास इथंच बसून उरकता येतो. कान्होजी आंग्र्यांच्या काळात या पाण्यात त्यांच्या परवानगीशिवाय गलबत हलत नसे. पुढं तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं, आणि एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पेशव्यांच्या बाजूनं सुवर्णदुर्गावर तोफा डागून तो घेतला. आपल्याच आरमाराचा कणा आपण परक्याच्या हातून मोडून घेतला, हे त्या बुरुजावर बसून आठवलं की आजही घशात काहीतरी अडकतं. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोनं १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेवर वळलेला. तो अजून उभा आहे.

इथवर माझा लेख झाला होता. मग मी बंदरावर उतरले.

हर्णैला मासळीचा लिलाव वाळूवरच होतो, सकाळी एकदा आणि दुपारी चारच्या पुढं एकदा. किनारा उथळ आहे, त्यामुळे मोठ्या बोटी लांब पाण्यात नांगरतात. त्यांच्यावरची मासळी होडीत उतरते, होडी जमेल तितकी काठाकडे येते, आणि तिचा तळ वाळूला लागला की तिथून पुढचा टप्पा बैलगाडीचा. गाडी समुद्रात जाते. बैलांच्या पोटाला पाणी लागतं, लाट आली की पाठीवरून जाते, आणि बैल शांत उभे असतात. मी हे छायाचित्रात बघितलं होतं. छायाचित्रात ते सुंदर दिसतं. प्रत्यक्षात ते फार अवघड काम आहे, आणि त्यातलं अवघड काय ते कळायला मला दोन तास वाळूवर उभं राहावं लागलं.

गाडीवान साठीच्या पुढचे. मी त्यांना काका म्हणायला लागले, ते मला ताई. पहिला प्रश्न मी चुकीचा विचारला : पाणी किती वाजता येतं?

“घड्याळात नाही दिसायचं, ताई. आज तिथी कुठली?”

त्रयोदशी होती. काकांनी हिशेब मांडला. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पावणेदहाला भरती, आणि तिथून सहा तासांनी, चारच्या आसपास, पुरती ओहोटी. नेमकी लिलावाच्या वेळेला. त्यातून पौर्णिमा जवळ आलेली, उधाणाचे दिवस, म्हणजे पाणी सगळ्यात मागं जाणार आणि गाडीला सगळ्यात लांब जावं लागणार. पंचमीला आला असता तर चारला भरती असते, होड्या पार जवळ येतात, असं ते म्हणाले. पाचची पाऊणपट पावणेचार. मी मनात करून बघितलं, बरोबर आलं. तेव्हा हर्णै बघायला जाणाऱ्यांनी पंचांग बघून जावं. गाड्यांचं काम बघायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे जावं.

आता ती गाडी. होडीजवळ पोचायच्या आधीच काका बैलांना पाण्यात वळवतात, तोंड किनाऱ्याकडे आणि गाडीची पाठ होडीला. मासळी भरल्यावर वळायला गेलं तर गाडी रुतते. भरतानाही उभं राहायची सोय नाही. परतणारी प्रत्येक लाट थांबलेल्या चाकाखालची वाळू ओढून नेते. पाव मिनिटात चाक बोटभर खाली जातं, मिनिटाभरात वीतभर. म्हणून दोन-तीन लाटा झाल्या की काका जिभेनं एक आवाज काढतात, बैल हातभर पुढं सरकतात, होडीवरचे खलाशी तेवढी होडी सरकवतात आणि टोपल्या पुन्हा सुरू. ओरडणं नाही, आसूड नाही. भरणं आणि सरकणं एकाच लयीत चाललेलं.

त्याहून नाजूक गोष्ट तोलाची. दोन चाकांची गाडी मागं जड झाली की उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जुंपणीचा दोर बैलांच्या गळ्याला काचतो. पुढं जड झाली तर सगळा भार खांद्यावर. रानातल्या गाडीला हा तोल एकदा साधला की झालं. इथं मागून लाट येते आणि भरलेल्या गाडीचं बूड उचलते. काका धुरेवर बसत नाहीत, उभे असतात. लाट उचलायला आली की मागं झुकतात, ओसरली की पुढं येतात. माणूस स्वतःचं वजन घेऊन तराजूचा काटा झालेला. चाळीस वर्षं हेच करतोय म्हणाले.

“आणि किती आत घालायची?”

त्यांनी चाकाच्या मध्यावर, तुंब्यावर हात ठेवला. “इथवर. याच्यावर पाणी गेलं की गाडी आपली नाही राहत, समुद्राची होते.”

वाळूवर लिलाव ऐन रंगात आला होता. बांगड्याचे ढीग, म्हाकूळ, सुरमई, टोपलीभर कोळंबी, आणि वेगळं मांडलेलं पापलेट, ज्याला २०२३ साली राज्यमासा केलं. बोली बायकांच्या हातात. एक मावशी टोपलीला पाय लावून उभी, आकडा चढत गेला, कुणीतरी नुसती मान हलवली आणि तिनं तेवढ्यावर सौदा तोडला. लगेच बर्फ, लगेच टेम्पो. गाडीतून उतरलेली मासळी वाळूवर फार तर अर्धा तास राहते.

जेटीबद्दल मी विचारायच्या आधीच तिथं तीनजण बोलायला लागले. हर्णैच्या जेटीची मागणी इतकी जुनी आहे की ज्यांनी ती आजोबांकडून ऐकली ते आता स्वतः आजोबा झालेत. गाडीचं कौतुक करताना मलाही हे विसरायला झालं होतं : ही गाडी पाण्यात जाते, कारण बोट काठाला लागू शकत नाही. प्रत्येक टोपली बोटीतून होडीत, होडीतून गाडीत, गाडीतून वाळूवर. तीनदा उचल, तीनदा मजुरी, आणि उन्हात तेवढा जास्त वेळ. पापलेटाचं पोट मऊ पडलं की बोली उतरते. ही किंमत मच्छीमार रोज मोजतो.

वाऱ्याचं दुखणं तर याहून मोठं. इथं बोटींना आडोसा नाही. वादळाची सूचना आली की सगळ्या बोटी आंजर्ल्याच्या किंवा आड्याच्या खाडीकडे पळतात. खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला. भरती असेल तरच आत शिरता येतं, आणि वादळ तिथी विचारून येत नाही. ओहोटीला मुखाशी अडकलेल्या बोटी लाटांनी आपटून फुटल्यात, बुडाल्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हाच्या गोष्टी इथं कुणी आवाज चढवून सांगत नाही. पत्रे आणि नारळी-पोफळीच्या बागा तर गेल्याच.

मासळीही पूर्वीसारखी नाही. पर्ससीन जाळ्यांवर राज्यानं २०१६ मध्ये निर्बंध आणले. एलईडीच्या झगमगाटानं मासळी गोळा करून उपसण्यावर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. बंदी कागदावर आहे आणि रात्री क्षितिजावर उजेड दिसतो, असं छोट्या बोटींचे लोक सांगतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवून जे मासे वाढू द्यायचे, ते त्या उजेडात एका रात्रीत जाळ्यात. हे सांगणाऱ्या तरुण नाखव्याच्या बोलण्यात राग कमी होता, थकवा जास्त. डिझेल आणि बर्फ वजा जाता आदल्या फेरीला त्याच्या हाती काहीच उरलं नव्हतं.

मला जेटी हवी आहे. आडोसा हवा आहे, खाडीचं तोंड मोकळं हवं आहे. जेटी उभी राहून तिला बोटी लागायला लागल्या की काकांची गाडी जाईल, हेही मला दिसतं. मी ते काकांना विचारलं.

“जाऊ दे की. बैलांचे खूर बघितलेत का तुम्ही?”

त्यांनी दाखवले. खाऱ्या पाण्यानं खुरांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोललेली. त्यांचा मुलगा बोटीवर जातो, बैल ठेवायला घरात कुणी तयार नाही. कडबा घाटावरून विकत आणावा लागतो.

अंधार पडायला लागला तेव्हा त्यांनी जू उतरवलं आणि गोड्या पाण्याची बादली आणली. आधी एका बैलाचे चारही खूर, मग दुसऱ्याचे, बेचक्यात बोटं घालून वाळू काढत. उरलेलं पाणी त्यांनी दोन्ही तुंब्यांवर ओतलं, फडक्यानं पुसलं आणि तेल सोडलं. मी निघते म्हटलं.

“उद्या यायचं असेल तर पाऊण तास उशिरा या,” ते म्हणाले. “चौदस आहे.”