विजेच्या तारा आणि आपले वीजबिल

परळ-लालबागच्या गिरण्या एके काळी कोळशावर चालत असत. त्यांच्या चिमण्यांचा धूर थेट कामगारांच्या चाळींत शिरे. १९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्रातील वीज सुमारे ७० किलोमीटर तारांवरून परळला आली आणि गिरण्या हळूहळू विजेवर गेल्या. घाटावर पाणी पूर्वीही होतेच. त्याची शक्ती गिरणगावात पोहोचवली ती या तारांनी!

विद्यार्थी मित्रांना ही जुनी हकीकत मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण आजचा प्रश्नही तोच आहे. स्वस्त सौर वीज तयार होते राजस्थान-कच्छच्या उजाड माळांवर. मुंबई मात्र समुद्र व खाड्यांनी वेढलेली. बाहेरची वीज आत आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या पडल्या, की ट्रॉम्बेचे कोळशावरचे संच चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

उदाहरणादाखल हिशेब करू. समजा, दूरची सौर वीज युनिटला ३ रुपये आणि जवळची कोळशाची ५ रुपये पडते. नव्या वाहिनीचा खर्च युनिटमागे १ रुपया धरला, तरी १ रुपया वाचतो. परंतु सूर्य मावळल्यावर तीच वाहिनी रिकामी राहिली, तर तिचा सगळा खर्च निम्म्या युनिटांवर पडून २ रुपये होतो व बचत संपते. म्हणून वाहिन्यांचे जाळे विस्तृत हवे. पावसाळ्यात आभाळ भरून येते तेव्हा साताऱ्याच्या पठारांवरील पवनचक्क्या जोरात फिरतात. कोयनेची वीज संध्याकाळी हवी तेव्हा मिळते. अशी निरनिराळी वीज एकाच जाळ्यात आली, की वाहिनी रिकामी राहत नाही आणि महागड्या बॅटऱ्याही कमी लागतात.

वीज स्वस्त व मुबलक हवी, त्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत व दारिद्र्य हटणार नाही, अशी भूमिका परमपूज्य बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ सालीच मांडली होती. वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी बाहेरून येणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि लोकलसह सारी मुंबई थांबली. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी सुरू होऊन शहरात आणखी सुमारे १००० मेगावॅट वीज आणण्याची सोय झाली. तेवढ्याच क्षमतेच्या कुडूस-आरे प्रकल्पात मनोऱ्यांना जागा नसल्याने बराचसा मार्ग जमिनीखालून केबलने काढावा लागला. हे काम महागच आहे, आणि तो खर्च शेवटी ग्राहकांच्या वीजदरातूनच वसूल होतो. मात्र वाहिनी नसल्यामुळे जाळाव्या लागणाऱ्या कोळशाचे पैसेही त्याच बिलातून जातात.