बॉयलरला दार हवे

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागात, स्क्रँटन, विल्क्स-बॅरी, हेझलटन या गावांच्या परिसरात, आजही कित्येक घरांच्या तळघरात कोळशाचा बॉयलर धडधडत असतो. थंडी पडू लागली की तो पेटतो आणि हिवाळा सरेपर्यंत सहसा विझू देत नाहीत. त्यातले गरम पाणी पंपाने घरभर फिरते, खोल्या उबदार ठेवते आणि बऱ्याच घरांत अंघोळीचे पाणीही त्यावरच तापते.

यात जळतो तो अँथ्रासाइट: काळाभोर, चकचकीत आणि कोळशांत सर्वांत टणक. त्यात कार्बन ८६ टक्क्यांहून अधिक असतो आणि धूर जवळजवळ होत नाही. पेटायला मात्र तो हट्टी. विल्क्स-बॅरी इथल्या जेसी फेल यांनी ११ फेब्रुवारी १८०८ रोजी आपल्या खानावळीत हा कोळसा उघड्या लोखंडी जाळीवर पेटवून दाखवला. खालून हवा खेळती राहिली की हा दगड उत्तम जळतो, हे त्यातून लोकांना पटले. १९१७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातले अँथ्रासाइटचे उत्पादन वर्षाला १० कोटी टनांच्या घरात गेले होते. पुढे तेल आणि गॅस आले, बऱ्याच खाणी ओस पडल्या. तरी खाणींच्या जवळपास राहणाऱ्या अनेकांनी हा कोळसा सोडलेला नाही.

ज्यांनी घरी तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांना बॉयलरची रचना चटकन उमगेल: मध्ये विस्तव, भोवती पाणी. मोठा फरक हा की बंबातले पाणी मोकळे असते, तर इथे ते बंद पोलादी कवचात दाबाखाली असते. स्टोकर नावाची यंत्रणा पाच ते आठ मिलिमीटरचे बारीक खडे थोडे थोडे करून जाळीवर सरकवते, पंखा खालून हवा देतो. तापलेले वायू नळ्यांमधून जातात, उष्णता भोवतालच्या पाण्याला देतात आणि धुराड्यातून बाहेर पडतात.

आता राखेकडे येऊ. या कोळशात साधारण १० टक्के राख धरली, तर हिवाळ्यात चार-पाच टन जाळणाऱ्या घरात चार-पाचशे किलो राख निघते. बहुतेक राख जाळीच्या टोकावरून खालच्या पेटीत पडते. ती उचलून टाकली की झाले. खरा त्रास देते ती उडती राख. चिमटीत धरली तरी जाणवू नये इतकी ती बारीक. वायूंबरोबर ती वर जाते आणि नळ्यांत, वळणांवर, धुराच्या पाइपात बसते. तिचा थर चढला की पाण्याला जायची उष्णता धुराड्यावाटे वाया जाते. पाणी पूर्वीइतकेच गरम, पण धुराचा पाइप जास्त तापलेला दिसला, तर नळ्या भरल्या असे समजावे. वाट आणखी अरुंद झाली की धुराड्याची ओढ कमी होते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्याला वास नसतो आणि या कोळशाला धूरही नसतो. म्हणून त्याची सूचना देणारा अलार्म घरात हवाच.

हे सगळे माहीत असूनही सफाई लांबणीवर पडते, कारण अनेक बॉयलरांत नळ्यांपर्यंत हातच पोचत नाही. सफाईचे तोंड बोल्ट लावलेल्या पत्र्याने बंद केलेले असते. उष्णतेने आणि गंजाने बोल्ट जाम होतात, पाना लावला की डोके तुटते. धुराचा पाइप सोडवावा तर राख तळघरभर उडते. जे काम अर्धा दिवस खाते, ते माणूस पुढच्या रविवारवर टाकतो. दोष आळसाचा नाही, रचनेचा आहे.

म्हणूनच तिथले हौशी कारागीर बॉयलरात बदल करतात. पहिला बदल सर्वांत स्वस्त. धुराच्या पाइपाला जिथे काटकोनी वळण आहे, तिथे एल्बो काढून तीन तोंडांचा टी बसवायचा आणि त्याच्या मोकळ्या तोंडाला टोपण लावायचे. राख तिथेच साठते. टोपण काढले की बारीक राखेसाठीच्या व्हॅक्यूमची नळी आत घालता येते. दुसरा बदल दाराचा. बोल्टच्या पत्र्याऐवजी बिजागरीचे दार, नाहीतर पोलादी स्टडवर हाताने फिरणारे पितळी नट. पितळ पोलादावर सहसा जाम होत नाही. दाराच्या कडेला काचतंतूच्या दोरीचे गॅस्केट. बॉयलर थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज ओढून निघाली, तर दार सैल आहे. पेटल्यावर कडेकडेने उदबत्ती फिरवावी. तिचा धूर जिथे आत ओढला जाईल, तिथे फट आहे. अशा फटीतून गार हवा शिरते आणि धुराड्याची ओढ बिघडते.

नळ्यांमध्ये वायूला घुसळणाऱ्या पिळाच्या पट्ट्या असतील, तर त्यांच्या टोकाला भोक पाडून ठेवावे. आकड्याने त्या झटक्यात बाहेर येतात आणि नळीच्या मापाचा ब्रश आरपार फिरवता येतो. स्टोकरच्या वायरीला प्लग जोडला, तर स्टोकर सोडवून जाळीखाली साचलेला कोळशाचा चुराही काढता येतो. हा चुरा हवेची वाट अडवतो.

पण एक मर्यादा पाळायलाच हवी. जिथे धूर फिरतो, तिथे बदल करावा. जिथे पाणी आहे, त्या कवचाला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावू नये. ते कवच दाबाची चाचणी घेऊन तयार केलेले असते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह साधारणपणे ३० पीएसआयला उघडतो. इथली चूक जिवावर बेतू शकते.

सर्वांत महत्त्वाची सफाई हिवाळा संपल्यावरची. राखेत गंधकाची संयुगे असतात. तळघरातली ओल त्यांना लागली की आम्ल तयार होते आणि उन्हाळाभर पोलाद खात राहते. शेवटचा विस्तव विझताच नळ्या घासाव्यात, धुराचा पाइप उतरवावा आणि दार उघडे ठेवावे. दार सोपे असेल, तर हे सगळे वेळच्या वेळी होते.

बॉयलर घेताना तो किती खोल्या तापवेल, हे सगळेच विचारतात. ब्रश कुठून घालायचा आणि तो पूर्ण बाहेर येईल इतकी जागा भिंतीपर्यंत आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. पुढची वीस-तीस वर्षे त्या उत्तरावर जाणार असतात.