नऊ आकड्यांसाठी अकोला ते ऑस्टिन

मुलगा अमेरिकेला निघाला, की अमरावतीच्या साईनगरात काय किंवा अकोल्याच्या रामदासपेठेत काय, घरोघर पेढे वाटले जातात. तो तिकडेच निवर्तला तर मागे काय काय निस्तरावे लागते, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून हा प्रपंच.

समजा, मुलगा अविवाहित होता, तिकडे त्याचे स्वतःचे घर होते आणि मृत्युपत्रात नाव आहे ते अकोल्यातल्या म्हाताऱ्या आईचे. वारसा मिळाला म्हणून अमेरिकेचे केंद्र सरकार त्या माउलीकडे कर मागत नाही. मृत्युकर लागलाच तर तो मयताच्या मालमत्तेतून जातो. आपल्याकडची 1953 सालची एस्टेट ड्यूटी तर 1985 मध्येच उठली. मग घोडे अडते कुठे?

ते अडते घर विकताना. तिथल्या 1980 च्या कायद्यान्वये परदेशी मालकाने घर विकले, की खरेदीदाराला सर्वसाधारणपणे किमतीच्या शेकडा 15 कापून सरकारात भरावे लागतात. (तो स्वतः राहणार असेल तर काही सवलत मिळते.) चार लाख डॉलरचे घर असेल तर साठ हजार डॉलर तिथेच अडकले! वास्तविक मुलाच्या मृत्यूच्या दिवशी घराची जी किंमत होती, तीच आईची खरेदीची किंमत धरतात. त्यामुळे लवकर विकल्यास नफा नाममात्र आणि कापलेली बहुतेक रक्कम परत मिळण्याजोगी. पण परत मागायची तर विवरणपत्र हवे, आणि विवरणपत्रावर हवा नंबर.

‘पोराचा पैसा घ्यायले बी नंबर लागते काय?’ असे आई विचारील. लागतो. त्याला आयटीआयएन म्हणतात. आकडे नऊ, त्यातला पहिला नेहमी 9. ज्यांना तिथला सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी तो 1996 पासून देतात. आपला पॅन या कामी येत नाही. बँकेच्या डब्ल्यू-8बेन फॉर्मवर पॅनसाठी रकाना असतो खरा. त्यावरून पुष्कळांची फसगत होते.

अर्जाचे नाव डब्ल्यू-7. फी एक पैसा नाही. खरा घाम फुटतो तो ओळखपत्रापायी. एकट्याने भागेल असा कागद एकच, पासपोर्ट. आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईने तो काढलेला कशाला असेल? अमरावती-अकोल्याचा कारभार नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे. तिथे कागद मांडले, की नावांचा गोंधळ बाहेर पडतो. कोतवाल बुकात एक नाव, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात दुसरे, आधारवर तिसरेच. लग्नात बदललेल्या नावाची तर गोष्टच निराळी. म्हणून मुलगा परदेशी स्थायिक झाला, की आईवडिलांचे पासपोर्ट काढून ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पासपोर्ट हाती आला, की आपण सवयीने झेरॉक्स घेऊन कोर्टाच्या आवारातल्या नोटरीकडे धावतो. तो गोल शिक्का तिकडे कुचकामी! मूळ पासपोर्ट हवा, नाहीतर तो देणाऱ्या कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत. मूळ पासपोर्ट टेक्सासातल्या ऑस्टिनला टपालाने धाडायला कुणाचाही हात कचरेल. त्यावर तोड म्हणजे अमेरिकन कर खात्याने मान्यता दिलेले प्रमाणक प्रतिनिधी. असे प्रतिनिधी भारतातही आहेत. ते पासपोर्ट तपासून दाखला देतात. त्यांची फी मात्र आधी विचारून घ्यावी. वारस तीन असतील तर अर्जही तीन. परदेशातून केलेल्या अर्जाला 9 ते 11 आठवडे लागतात.

विक्री अजून व्हायची असेल तर कपात कमी करण्यासाठीही अर्ज करता येतो. त्यालाही हाच नंबर लागतो. तेव्हा गिऱ्हाईक पाहण्याआधी डब्ल्यू-7 मार्गी लावलेला बरा.

परदेशी राहणाऱ्याकडून वारशाने आलेली तिकडची मालमत्ता ठेवायला आपल्या 1999 च्या फेमा कायद्याची आडकाठी नाही. मात्र पैसे तिकडच्या बँकेत राहिले, तर इथल्या विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागतात. ते लपवणाऱ्यासाठी 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याने दहा लाख रुपये दंड ठेवला. आणि तो नऊ आकडी नंबर? तिथल्या विवरणपत्रात ओळीने तीन वर्षे वापरला नाही, तर तो आपोआप बाद होतो.