अंगणातली चित्रशाळा, दोघांची

धरमपेठ, लक्ष्मीनगर, प्रतापनगर. नागपूरच्या या जुन्या वस्त्यांत फ्लॅट स्कीमच्या रेट्यातून वाचलेली घरं अजून दिसतात. पुढे फाटक आणि व्हरांडा, मागे नळ, एखादं लिंबाचं नाहीतर सीताफळाचं झाड आणि कडेला टिनाच्या छपराची खोली. तिथे हिवाळ्यात कुलर ठेवतात, मुलांच्या जुन्या सायकली पडून असतात. घरातली दोघं नोकरीतून निवृत्त होतात, मुलं पुण्याला किंवा परदेशी असतात आणि शाळेत सुटलेला कुंचला पुन्हा हातात घ्यावासा वाटतो. कधी तो चित्रं काढतो आणि ती मातीकाम करते, कधी उलट. मग नजर त्या टिनाच्या खोलीकडे जाते.

ही खोली दोघांची कशी करायची, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. नवऱ्याबायकोनं एका छपराखाली कला करायची म्हणजे प्रेमापेक्षा जास्त विचार जागेचा आणि उजेडाचा करावा लागतो. मोठमोठ्या कलावंत जोडप्यांनाही तो चुकला नाही.

नागपूरकरांना जवळचं जोडपं म्हणजे बी. प्रभा आणि बी. विठ्ठल. प्रभा यांचा जन्म १९३३ मध्ये नागपूरजवळच्या बेला गावचा. नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये सुरुवातीचं शिक्षण घेऊन त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेल्या आणि १९५६ मध्ये शिल्पकार विठ्ठल यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्याच सुमारास एअर इंडियानं त्यांची सहा चित्रं प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपयांना घेतली. पुढे नावारूपाला आलेला एअर इंडियाचा चित्रसंग्रह तिथून सुरू झाला. होमी भाभांनीही सुरुवातीच्याच काळात त्यांची तीन चित्रं विकत घेतली होती. प्रभा यांच्या कॅनव्हासवर उंच, सडपातळ, गप्प बायका आल्या, विशेषतः कोळणी. विठ्ठल यांचा आवडता विषय बैल. तान्हा पोळ्याला लाकडी बैल सजवून मिरवणाऱ्या नागपूरच्या माणसाला तो बैल लगेच आपला वाटेल. एका घरात राहून या दोघांनी एकमेकांचं काम उचललं नाही. चित्र आणि शिल्प आपापल्या वाटेनं वाढलं. विठ्ठल १९९२ मध्ये गेले. प्रभा यांचं निधन २००१ मध्ये नागपुरातच झालं.

अंगणातल्या चित्रशाळेचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे आणि ते सुखाचं नाही. जॅक्सन पोलॉक आणि ली क्रॅस्नर हे दोघे चित्रकार १९४५ मध्ये न्यूयॉर्क सोडून लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या खेड्यात राहायला गेले. घरामागे एक जुनं कोठार होतं. मागच्या खाडीचा देखावा मोकळा व्हावा म्हणून ते उचलून बाजूला नेलं आणि त्याची चित्रशाळा केली. ती पोलॉकची झाली. जमिनीवर कॅनव्हास पसरून रंग ओतण्याची त्याची जगप्रसिद्ध पद्धत याच कोठारात आकाराला आली. क्रॅस्नर त्या वर्षांत घरातल्या वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीत चित्रं काढत होती. त्या काळातली तिची चित्रं आकारानं लहान आहेत. ऑगस्ट १९५६ मध्ये पोलॉक मोटार अपघातात गेला. पुढच्या वर्षी तिनं कोठारात काम सुरू केलं आणि ‘द सीझन्स’ हे चित्र रंगवलं. त्याची रुंदी पाच मीटरांहून जास्त आहे.

चित्र किती मोठं होणार हे कलावंताच्या मनाइतकंच भिंतीच्या लांबीवर ठरतं, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा सापडणं कठीण. आज ते कोठार संग्रहालय आहे. पोलॉकनं १९५३ मध्ये जमिनीवर हार्डबोर्ड ठोकल्यामुळे त्याखालचे त्याचे रंगाचे शिंतोडे टिकले, आणि भिंतींवर क्रॅस्नरचे रंग आहेत. दोघांच्या कामाच्या खुणा एकाच छपराखाली आहेत. पण दोघं तिथे शेजारी उभं राहून काम करत होती, असं मात्र नव्हतं.

निवृत्त जोडप्यानं आदर्श मानावं ते योसेफ आणि अॅनी आल्बर्स यांना. दोघंही जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतले. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ती अमेरिकेत गेली. योसेफ १९५८ मध्ये सत्तरीत येल विद्यापीठातून निवृत्त झाले. पण १९५० मध्ये सुरू केलेली, चौकोनात चौकोन बसवलेल्या चित्रांची मालिका त्यांनी १९७६ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. हे काम ते तळघरात करत. उत्तरेचा उजेड नाही, खिडकीतला देखावा नाही, डोक्यावर ट्यूबलाइट. दोन टेबलांवर उबदार आणि थंड छटेच्या नळ्यांची मांडणी वेगवेगळी ठेवलेली, म्हणजे एकच रंग दोन उजेडांत तपासता येई. अॅनी विणकर. त्यांची कामाची खोली वेगळी.

१९६३ मध्ये योसेफ लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड या शिळाछाप कार्यशाळेत पाहुणे म्हणून गेले. अॅनी सोबत होत्या. तुम्हीही करून पाहा, असं तिथल्या संचालिकेनं त्यांना सुचवलं. तेव्हा अॅनींनी चौसष्टी गाठली होती. पुढच्या वर्षी त्या स्वतःच्या नावानं तिथे परत गेल्या, आणि काही वर्षांनी तर विणकाम सोडून त्यांनी फक्त छापचित्रंच केली. नवऱ्यासोबत गेलेल्या बाईला एक मोकळं टेबल मिळालं आणि तिच्या उतारवयाला नवी कला मिळाली. अंगणातल्या खोलीत दोन टेबलं हवीत, ती यासाठी. जोडीदाराच्या टेबलाचा रिकामा कोपरा वापरून हे होत नाही.

आता नागपूरचा उजेड. चित्रशाळेला उत्तरेची खिडकी असावी, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं, कारण युरोपात दुपारचं ऊन उत्तरेकडून कधीच येत नाही. नागपूर मात्र २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत इथला दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला झुकलेला असतो. उन्हाळ्याच्या सहामाहीत तो उगवतो आणि मावळतोही उत्तरेच्या बाजूला, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही थेट ऊन आत येतं. दुपारसाठी खिडकीवर छज्जा पुरतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला आडोसा लागतो, उभी भिंत किंवा झाड. सीताफळ तोडण्याआधी एवढा विचार जरूर करावा.

उष्णतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या खोलीत तो त्याहून वर असतो. तैलरंगात वापरलं जाणारं टर्पेंटाइन साधारण ३५ अंशांच्या आसपास पेटण्याइतकी वाफ सोडू लागतं. म्हणजे उन्हाळ्यात अख्खी खोलीच त्या मर्यादेच्या पलीकडे असते. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर तेल हवेतला प्राणवायू घेताना स्वतःच तापतं आणि काडी न लावताही आग लागू शकते. अशा चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या डब्यात टाकायच्या. तैलरंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि एप्रिलपासून जलरंग किंवा अॅक्रिलिक, अशी ऋतुवार वाटणी नागपुरात शहाणपणाची ठरते. छतावर पांढरा उष्णतारोधक रंग आणि आतून फॉल्स सीलिंग, हा खर्च कॅनव्हासच्या आधी करावा.

मातीकाम करणाऱ्या जोडीदाराच्या अडचणी निराळ्या. कुलरचा झोत थेट पडला तर भांड्याची कड आधी सुकते, पोट ओलं राहतं आणि तडा जातो. ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक हाताशी लागतं. सुकलेली माती झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. तिच्या धुळीतल्या सिलिकाचे कण फुप्फुसात साठतात, आणि एकाच खोलीत राहायचं तर ती धूळ चित्र काढणाऱ्यालाही श्वासात घ्यावी लागते. म्हणून मातीचं टेबल दाराजवळ, नळाच्या बाजूला ठेवावं आणि चित्रांचं आत. पावसाळ्यात कागद जमिनीपासून उंच, भिंतीपासून सुटा. त्या चार महिन्यांत कुलर अजिबात लावायचा नाही, नाहीतर बुरशी महिन्याभरात दिसते.

खोली नव्यानं बांधायची असेल तर मंजूर नकाशाप्रमाणे किती जागा मोकळी सोडायची आहे, हे आधी पाहावं. असलेली खोली दुरुस्त करणं सोपं आणि स्वस्त.

शिकायला फार दूर जावं लागत नाही. महालात चितारओळी आहे. पोळ्याच्या आधीपासून दुर्गा बसेपर्यंत तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. मूर्तिकार कुटुंबांत नवरा-बायको, सासू-सुना एकाच अरुंद जागेत काम करताना दिसतात. माती मळणं, साचा, घडण, घासकाम, रंग, डोळे आखणं, प्रत्येक कामाचा हात ठरलेला आणि जागाही ठरलेली. या घरांनी कामाची वाटणी पुस्तकातून घेतलेली नाही. निवृत्त जोडप्यानं एक अख्खी सकाळ तिथे उभं राहून पाहावी. ओली मूर्ती कुठे ठेवतात, रंगाचे डबे कोणाच्या डाव्या हाताला असतात, पाणी कुठून येतं हे बघावं आणि मगच सुताराला टेबलांची मापं द्यावीत.