पायथॉनची पूर्वतयारी : सोय कुठे, धोका कुठे?

संगणकाशी प्रश्नोत्तरे करीत काम करण्याची सोय पायथॉन या भाषेत आहे. एक ओळ लिहायची की लगेच उत्तर येते. या सोयीला 'इंटरॅक्टिव्ह शेल' म्हणतात. मात्र हे शेल प्रत्येक वेळी कोऱ्या पाटीसारखे उघडते. कालची सूत्रे आणि जोडलेली साधने आज पुन्हा लिहावी लागतात.

यावर उपाय म्हणजे 'स्टार्टअप फाइल'. नेहमी लागणाऱ्या ओळी एका फाइलमध्ये लिहून तिचा पत्ता 'पायथॉनस्टार्टअप' या नावाने संगणकाला सांगून ठेवायचा. मग शेल उघडताच, पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी, त्या ओळी आपोआप अमलात येतात. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या 'आयपायथॉन'मध्ये तर अशा अनेक फाइली एका फोल्डरमध्ये ठेवता येतात व त्या नावांच्या क्रमाने चालतात.

सोय मोठी असली, तरी खरी मेख पुढे आहे. एक उदाहरण घेऊ. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. जुलै २०२१ चा महापूर महाडकर विसरलेले नाहीत. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या पावसाचा हिशेब हा केवळ अभ्यासाचा विषय नव्हे.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने तीन दिवसांच्या पावसाचा तक्ता केला : पोलादपूर १०, २०, ३० मिलिमीटर, महाड ५, १५, २५ मिलिमीटर. (आकडे काल्पनिक आहेत.) त्याच्या स्टार्टअप फाइलमध्ये 'नमपाय' या गणिती संचातील सर्व नावे आयात केलेली आहेत. शेलमध्ये त्याने या तक्त्याची 'सम', म्हणजे बेरीज, मागितली. उत्तर आले १०५. तीच ओळ त्याने कार्यक्रमाच्या फाइलमध्ये लिहिली. तेथे नमपाय वेगळ्या टोपणनावाने जोडलेले होते. आता उत्तर आले १५, ३५, ५५.

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. शेलमध्ये नमपायची 'सम' चालली, तिने साऱ्या आकड्यांची एकच बेरीज दिली. कार्यक्रमात पायथॉनची मूळ 'सम' चालली, तिने दिवसवार बेरीज दिली. कारण पायथॉन ही स्टार्टअप फाइल फक्त इंटरॅक्टिव्ह शेलसाठी वाचतो. कार्यक्रम चालवताना तिच्याकडे पाहतही नाही. एखादे नाव सापडलेच नाही, तर निदान चूक दाखवली जाते. येथे तशी सूचनाही मिळत नाही, हा खरा धोका.

म्हणून पथ्य साधे आहे. स्टार्टअप फाइलमध्ये टंकनश्रम वाचवणाऱ्या गोष्टीच ठेवाव्यात. हिशेबाचे उत्तर ज्यावर अवलंबून आहे, ती प्रत्येक ओळ कार्यक्रमातच लिहावी. शंका आल्यास पायथॉन सुरू करताना वजा चिन्हापुढे रोमन लिपीतील मोठा 'ई' लिहावा. मग ती फाइल वगळली जाते. दुसऱ्याच्या संगणकावर आपला हिशेब कसा चालेल, हे त्या कोऱ्या पाटीवरच कळते.