तुकडा का पडतो? छोट्या कारखान्यातील शिस्तीचा हिशेब

चिपळूणच्या बाजारपेठेत धंद्याची गोष्ट निघाली की तक्रारी ठरलेल्या असतात. भांडवल अपुरे आहे, चांगला कारागीर टिकत नाही, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईच्या मालाशी तुलना करते किंवा घरबसल्या मोबाइलवरून वस्तू मागवते. या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु आपल्याच छपराखाली रोज जे नुकसान होते, त्याचा हिशेब आपल्यापैकी किती जण ठेवतात? चुकीच्या मापाने कापलेली फळी, दोनदा केलेले तेच काम, पाना शोधण्यात गेलेला अर्धा तास, वायद्याच्या दिवशी तयार नसलेला माल! यातले काहीच खातेवहीत लिहिले जात नाही. म्हणून ते दिसत नाही आणि त्यावर उपायही होत नाही.

हे न दिसणारे नुकसान शोधून कमी करण्याचे एक शास्त्र आहे. ते फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे, असा आपल्याकडे समज आहे. तो दूर व्हावा, यासाठी हा लेख.

जपानने काय केले?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा माल जगात हलका समजला जाई. १९५० साली अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांनी तेथील इंजिनिअर आणि कारखानदारांना व्याख्याने दिली. त्यांचे सांगणे असे की, माल तयार झाल्यावर वाईट नग वेचून काढण्यापेक्षा तो वाईट का होतो ते शोधा. बहुतेक दोष कामगाराचे नसतात, कामाच्या पद्धतीचे असतात आणि पद्धत बदलणे मालकाच्या हातात असते. जपानी लोकांनी हे मनावर घेतले. १९५१ पासून तेथे डेमिंग यांच्या नावाने पारितोषिक दिले जाऊ लागले. आपल्याकडे महिंद्र कंपनीच्या ट्रॅक्टर विभागाने ते २००३ साली मिळवले.

पद्धतीचे सार चार शब्दांत सांगता येते: ठरवा, करा, तपासा, कायम करा. एका वेळी एकच बदल ठरवायचा, थोडे दिवस करून पाहायचा, आधीचे आणि नंतरचे आकडे ताडायचे. फायदा दिसला तर तोच नियम करायचा, नाहीतर दुसरा उपाय शोधायचा.

काजूच्या कारखान्यात

आपल्या ओळखीचा धंदा घेऊ. कोकणात काजू बी फोडणारे छोटे कारखाने पुष्कळ आहेत. बी वाळवणे, लहान-मोठी निवडणे, वाफवणे, थंड करणे, फोडणे, गर ड्रायरमध्ये सुकवणे, साल सोलणे, प्रतवारी करणे आणि भरणे, असा हा क्रम. कमाई ठरते ती अख्ख्या गरावर. ३२० नंबरचा गर म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे दाणे. तोच दाणा तुटला की त्याचा भाव खाली येतो. बी तीच, मजुरी तीच, जळणही तेच. पैसे मात्र कमी.

तुकडा का पडतो, असे विचारले तर बहुतेक मालक म्हणतील, ‘बायका घाई करतात.’ हे उत्तर सोपे आहे, पण पुरते नाही. पंधरा दिवस प्रत्येक घाणीचा तुकडा कोठे पडला याची नोंद करा. फोडताना किती, सोलताना किती, हाताळताना किती, असे तीन रकाने पुरेत. समजा, सोलताना सर्वांत जास्त तुकडा पडतो असे दिसले, तर पुढे ‘का’ विचारत जा. सोलताना का तुटतो? साल घट्ट आहे म्हणून. साल घट्ट का? गर नीट सुकला नाही म्हणून. का सुकला नाही? ड्रायरमध्ये उष्णता सगळीकडे सारखी नाही आणि काही ट्रे कमी तापतात म्हणून. ते ट्रे का फिरवले नाहीत? कारण ते कोणी आणि केव्हा फिरवायचे, हे ठरलेलेच नाही.

आता पाहा, दोष सोलणाऱ्या बाईकडून निघून कोठे पोहोचला! उपायाला नवे मशीन लागत नाही. ट्रे फिरवण्याच्या वेळा भिंतीवर लिहायच्या आणि ते काम एका व्यक्तीकडे सोपवायचे. आठ दिवसांनी पुन्हा तुकडा मोजायचा.

हिशेब करू. समजा, १०० किलो बीमागे २५ किलो गर निघतो आणि त्यात ६ किलो तुकडा पडतो. तो ४ किलोवर आला आणि अख्ख्या-तुकड्याच्या भावात किलोमागे १५० रुपयांचा फरक धरला, तर १०० किलो बीमागे ३०० रुपये वाचले. हंगामात २० टन बी फोडणाऱ्या कारखान्यात हे ६० हजार रुपये होतात. आकडे उदाहरणाचे आहेत. वाचकांनी आपल्या धंद्याचे घालून पाहावेत.

आणखी एक गोष्ट मालकांनी ध्यानात घ्यावी. मजुरी केवळ सोललेल्या किलोवर दिली, तर हात घाई करणारच. अख्ख्या गराला थोडा वाढीव दर दिला, तर तेच हात जपून चालतात. मजुरीची रीत हासुद्धा पद्धतीचाच भाग आहे. शिवाय अडचण कोठे आहे हे सोलणाऱ्या बाईला मालकापेक्षा आधी कळते. तिला विचारावे, आणि तिने सांगितलेल्या चुकीबद्दल तिची मजुरी कापू नये. नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

गॅरेज आणि सुतारकाम

मुंबई-गोवा महामार्गावरील गॅरेजवाल्यांनी हत्यारांच्या भिंतीपासून सुरुवात करावी. प्रत्येक पान्याचा आकार भिंतीवरच्या फळीवर रंगवावा आणि तो पाना तेथेच टांगावा. संध्याकाळी एका नजरेत कळते की काय परत आले नाही. जपानी कारखान्यांत याचे पाच टप्पे सांगतात: नको ते काढून टाकणे, हवे ते जागेवर ठेवणे, साफसफाई, सर्वांसाठी एक नियम आणि तो रोज पाळण्याची सवय. पहिले तीन टप्पे एका रविवारी होतात. खरी कसोटी शेवटच्या दोनांची असते.

फर्निचरच्या मिस्त्रींनी तोंडी माप घेणे बंद करावे. लांबी, रुंदी, उंची, रंग आणि वायद्याची तारीख एका कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि त्याची प्रत कापणाऱ्या कारागिरासमोर लावावी. आठ बाय चारची एक प्लायवूड शीट चुकीची कापली गेली, तर त्या कामातला नफा तेथेच जातो.

हे सारे शिकलेल्यांचे काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मुंबईचे डबेवाले पाहावेत. १८९० पासून चालत आलेल्या या धंद्यात डब्यावरच्या रंग, अक्षरे आणि आकड्यांवरून कोठल्या स्टेशनवर उतरायचे, कोणती इमारत आणि कोणता मजला, हे कळते. त्यांच्या परदेशी प्रमाणपत्राच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. आम्हांला मोलाची वाटते ती डब्यावरची खूण. ती सर्वांना एकसारखी वाचता येते आणि कोणाच्या आठवणीवर अवलंबून नसते.

पुराचा धडा

चिपळूणकरांना या शिस्तीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ हे दोन दिवस येथील व्यापारी विसरणार नाही. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि माल, यंत्रे, वह्या सगळे चिखलात गेले. पाऊस आपल्या हातात नाही. पण पाणी चढू लागल्यावर पहिल्या तासात काय उचलायचे, हे आपल्या हातात आहे. महाग माल आणि मोटारी प्रथम, मग कागदपत्रे, मग बाकीचे. कोण काय उचलणार, माळ्याची किल्ली कोणाकडे, विजेचा मेन स्विच कोण बंद करणार, हे एका कागदावर लिहून मे महिन्यातच एकदा करून पाहावे. रोज वापरात नसलेला किमती माल पावसाळ्यात वरच ठेवावा. मोटारी आणि स्विचबोर्ड शक्य तितक्या उंचीवर बसवावेत.

नोंदवहीचे मोल तर पुरानंतरच कळते. नुकसानभरपाईसाठी विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा तो खरेदीची बिले आणि मालाची नोंद मागतो. माल होता हे दाखवता आले नाही, तर गेला हे कसे दाखवणार? दर आठवड्याला मालाची यादी करून तिचा फोटो गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवला, तर तो कागद पाण्याने वाहून जात नाही.

सरकारी मदत

केंद्र सरकारने २०२२ साली लघुउद्योगांसाठी ‘झेड’ प्रमाणपत्राची योजना नव्या रूपात आणली आणि सूक्ष्म उद्योगांना प्रमाणपत्राच्या खर्चात ८० टक्के सवलत ठरवली. मार्च २०२३ मध्ये ‘लीन’ योजना आली. तीत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकारने उचलण्याची तरतूद होती. दोन्हींसाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते. आजच्या अटी आणि मुदत यांची चौकशी रत्नागिरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात करूनच अर्ज करावा. मात्र प्रमाणपत्र भिंतीवर लागले आणि हत्यारे जमिनीवरच राहिली, तर उपयोग शून्य.

सुरुवात कोठून?

आमची सूचना एवढीच आहे. दहा रुपयांची एक वही घ्या. रोज दुकान किंवा कारखाना बंद करताना तीन ओळी लिहा: आज काय वाया गेले, कोणते काम दोनदा करावे लागले, कोणता वायदा चुकला. महिनाभराने वही उघडा. जी तक्रार सर्वांत जास्त वेळा आली असेल, ती एकच हाती घ्या, कामगारांना बरोबर बसवा आणि ‘का’ विचारायला लागा. ती सुटली की दुसरी घ्या. भाव बाजार ठरवतो, पाऊस आभाळ ठरवते. आपल्या छपराखालची शिस्त मात्र आपण ठरवतो आणि सुधारणेची पहिली कमाई तेथूनच येते.