दृश्य पडद्याचा शोध

मोबाइल हाती घेतलेल्या मनुष्यास आपल्यासमोर कोणता पडदा आहे हे विचारावे लागत नाही. ते त्यास दिसतच असते. परंतु ज्या आज्ञावलीने तो पडदा उभा केला तिला डोळे नाहीत. काचेवर ह्या क्षणी काय आहे हे तिला केवळ आपल्या नोंदींवरून ओळखावे लागते. ह्या नोंदी कशा ठेवतात आणि त्या चुकल्यास काय घडते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणादाखल आपण अँड्रॉइड ही प्रणाली घेऊ. तिच्यावर चालणारा पहिला फोन २००८ साली विक्रीस आला.

प्रथम ह्या ज्ञानाची गरज पाहू. अशी कल्पना करा की, एका गृहस्थाने ॲपमधून विजेचे बिल भरले. बँकेचे उत्तर येण्यास काही सेकंद लागतात. तेवढ्यात तो मागे फिरून जुन्या बिलांची यादी पाहू लागला. मग उत्तर आले की, पैसे पोचले. ही वार्ता आता कोठे दाखवावी? ज्या पडद्यावरून पैसे पाठविले, तो तर मागे फिरताच नष्ट झाला. नष्ट झालेल्या पडद्यावर सूचनेची चौकट उघडू गेल्यास प्रणाली ते मान्य करीत नाही आणि ॲप तत्काळ बंद पडते. वार्ता न मिळाल्यामुळे तो गृहस्थ तेच बिल दुसऱ्यांदा भरण्याचा संभव असतो.

ॲपमधील पडदे ताटांच्या चवडीप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. नवा पडदा उघडला की तो वर येतो. मागे फिरले की वरचा पडदा निघून त्याखालचा दिसू लागतो. शेवटी ठेवलेले प्रथम काढावयाचे, ही कल्पना मोबाइलहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमधील ॲलन ट्युरिंग ह्यांनी १९४६ साली सादर केलेल्या गणकयंत्राच्या आराखड्यात, कोठे परतावयाचे ह्याची नोंद ‘पुरून’ ठेवण्याची व पुढे ती ‘उकरून’ काढण्याची योजना होती.

मग चवडीतील सर्वांत वरचा पडदा तोच दृश्य पडदा, असे म्हणता येईल काय? तसे नेहमीच म्हणता येत नाही. मध्येच एखाद्याचा फोन आला, तर आपल्या ॲपची चवड जशीच्या तशी राहते. मात्र तिच्यातील एकही पडदा कदाचित दिसत नसतो. म्हणून पडद्याचे स्थान कळणे पुरेसे नाही. त्याची अवस्थाही कळली पाहिजे.

अँड्रॉइडमध्ये अशा पडद्यास ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. तिच्या आयुष्यातील प्रमुख टप्पे सहा आहेत: निर्माण होणे, दिसू लागणे, वापरास सज्ज होणे, थबकणे, दिसेनासे होणे आणि नष्ट होणे. प्रत्येक टप्प्यावर प्रणाली तिला तशी वर्दी देते. २०११ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ॲपमधील सर्व पडद्यांच्या ह्या वर्दी एकाच ठिकाणी ऐकण्याची सोय झाली. तेथे एक नोंदवही ठेवावी; जो पडदा सज्ज होईल त्याचे नाव तीत लिहावे, आणि तो दिसेनासा झाला की ते खोडावे.

येथे एक खाच आहे. पहिल्या पडद्यावरून दुसरा उघडला, तर प्रथम पहिला थबकतो. नंतर दुसरा निर्माण होतो, दिसू लागतो व सज्ज होतो. आणि त्यानंतरच पहिला दिसेनासा झाल्याची वर्दी येते. ही शेवटची वर्दी ऐकून वहीतील नाव डोळे झाकून खोडले, तर खोडले जाते ते दुसऱ्या पडद्याचे नाव. मग पडदा समोर असूनही वही कोरी राहते. म्हणून खोडण्यापूर्वी वहीतील नाव जाणाऱ्या पडद्याचेच आहे काय, हे पडताळणे अवश्य आहे.

दुसरी दक्षता स्मृतीविषयी घ्यावी लागते. फोन आडवा केला की सामान्यतः जुना पडदा नष्ट होऊन त्याच्या जागी नवा निर्माण होतो. नोंदवहीने जुन्या पडद्यास घट्ट धरून ठेवले, तर त्याने व्यापलेली स्मृती मोकळी करता येत नाही, आणि असे मृत पडदे साचून ॲप मंदावते. ह्यावर उपाय म्हणून ‘दुर्बळ संदर्भ’ वापरतात. तो पडदा कोठे आहे हे दाखवितो, परंतु त्यास अडवून ठेवीत नाही.

हे ज्ञान ज्याने त्याने आपल्याच घरापुरते ठेवावे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी एका ॲपला दुसऱ्या ॲपचा कोणता पडदा पुढे आहे हे प्रणालीस विचारता येत असे. त्यातून वापरणाऱ्याची खाजगी माहिती बाहेर पडू शकते, म्हणून २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून इतरांच्या ॲपसाठी ही वाट बंद करण्यात आली.

शिवाय दृश्य पडदा एकच असतो, हे गृहीतही आता टिकत नाही. २०१६ पासून अँड्रॉइडवर दोन ॲप शेजारी शेजारी उघडता येतात, आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून असे दिसणारे अनेक पडदे एकाच वेळी सज्ज अवस्थेत राहू शकतात. एकच नाव मावणारी वही अशा ठिकाणी अपुरी पडते.

ह्यावरून अनुभवी आज्ञावलीकार निराळी पद्धत पसंत करतात. वार्ता हाती घेऊन पडद्याच्या मागे धावण्याऐवजी ते ती एका सुरक्षित जागी ठेवतात. जो पडदा दृश्य होतो, तो स्वतः तेथे जाऊन आपल्यासाठी काही आहे काय हे पाहतो. आपल्या उदाहरणातील गृहस्थास पैसे पोचल्याची वार्ता बिलांच्या यादीवरच मिळेल, आणि दुसऱ्यांदा पैसे भरण्याचा प्रसंग टळेल. दृश्य पडदा शोधण्याची रीत आज्ञावलीकारास ठाऊक असावीच. परंतु ती प्रत्येक ठिकाणी योजण्यापूर्वी तिच्यावाचून काम भागते काय, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारावा.